केळी झेला: रावेर पास, मुक्ताईनगर नापास

'केळी झेला' या माझ्या पायथनमधल्या खेळाची एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर बसवायची फाइल, अखेर फोनवर चढली आणि खेळ सुरूही होतो. वरून केळीचे घड पडतात, ते झेलायला खालचा ट्रक बोटाने सरकतो. आवाजाच्या फायली एपीकेत न पोहोचण्याचं, मागे लिहिलेलं दुखणं किरकोळ निघालं. एपीके बांधून देणाऱ्या बिल्डोझरच्या स्पेक फाइलमध्ये कोणत्या प्रकारच्या फायली आत घ्यायच्या त्याची यादी असते, तिच्यात ओजीजी (आवाज) आणि टीटीएफ (फॉन्ट) मुळात नसतात. ते घातले, झालं. बोट टेकल्याची खबर देणाऱ्या फिंगरडाऊनचे एक्स-वाय ० ते १ मध्ये येतात, त्यांना पडद्याच्या रुंदी-उंचीने गुणल्यावर ट्रक बरोब्बर बोटाखाली आला. मग किती तरी वेळ घड न झेलता नुसता ट्रकच इकडून तिकडे नेत बसलो.

आता खरं रडगाणं: लेव्हलची नावं. रावेर, यावल, चोपडा झकास. मुक्ताईनगर आलं की जोडाक्षर फुटतं, पूर्ण क, त्याला लटकलेला हलन्त आणि मग ता. शिरपूर आणि चिनावलची पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. भाच्याने फोन हातात घेतला आणि विचारलं, "मामा, हाई काय लिखेल शे?"

लॅपटॉपवर हीच नावं शुद्ध दिसतात, कारण तिथे पायगेम-सीई आहे, म्हणजे पायगेम या पायथनच्या खेळ-लायब्ररीची वेगळी निघालेली शाखा. त्यात फॉन्टला सेट_स्क्रिप्टने लिपी सांगता येते, मग हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी जोडाक्षरं जुळवते. बिल्डोझर आतून वापरतो त्या पायथन-फॉर-अँड्रॉइडमध्ये मला रेसिपी, म्हणजे लायब्ररी फोनसाठी बांधायची कृती, मिळाली ती साध्या पायगेमच्या जुन्या आवृत्तीची. फोनवरच्या चुकांची नोंद दाखवणाऱ्या लॉगकॅटने स्वच्छ सांगितलं, फॉन्टकडे सेट_स्क्रिप्ट असलं काही नाही. ती ओळ काढली की खेळ चालतो, पण चिन्हं युनिकोडच्या क्रमाने एकापुढे एक मांडली जातात. त्या क्रमात वेलांटी व्यंजनानंतर असते, म्हणून दिसतेही नंतरच. फॉन्ट बदलून पाहू नका, फरक पडत नाही.

स्वतःची रेसिपी लिहून एसडीएल-टीटीएफ, म्हणजे पायगेमचा अक्षरं रेखाटणारा भाग, हार्फबझसकट बांधायला घेतलं होतं. एनडीके (अँड्रॉइडच्या बांधणीचा अवजारसंच) हॉटस्पॉटवर उतरवायचा, बिल्डच्या मध्येच वीज जायची, आणि जळगावातल्या मेच्या दुपारी लॅपटॉपचा तवा झालेला. सोडलं.

मग गावठी उपाय. लॅपटॉपवरच एका छोट्या स्क्रिप्टने सगळी नावं पायगेम-सीईकडून रेखाटून घेतली आणि पारदर्शक पीएनजी चित्रं म्हणून साठवली. अक्षरं पांढरी ठेवली, म्हणजे खेळात गुणाकाराच्या ब्लेंडने (रंगाला रंगाने गुणून) हवा तो रंग देता येतो. फोनवर आता अक्षरांचा प्रश्नच नाही, नुसती चित्रं. मुक्ताईनगर असं काही दिसतंय की स्क्रीनशॉट काढून ठेवला. गुणांचं मात्र फॉन्टवरच भागलं: १, २, ३ ला ना काना ना मात्रा, एकापुढे एक ठेवले की काम होतं. खेळाडूचं नाव टाइप करायची सोय काढून टाकली. तसंही कोण लिहितं?

पुढे पायगबॅग, म्हणजे पायगेमचे खेळ वेबवर नेणारं साधन, पाहायचं ठरवलं होतं. ते पायगेम-सीईवरच चालतं, ब्राउझरमध्ये उघडतं, म्हणजे मॅक नसताना आयफोनवाल्यांचीही सोय. मुख्य लूप असिंक करून आत अवेटचा थांबा घालावा लागेल, म्हणजे दर फेरीला ब्राउझरलाही वेळ मिळतो; तेवढं जमेल.

पण लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. घड हातून सुटला की दाखवायच्या अहिराणी ओळी पीएनजीत कोंबायच्याच कशाला? बोलूनच टाकू. चोपड्याची मावशी "पडना रे भो घड!" असं ओरडली तर पीएनजीही नको, फॉन्टही नको. पायगबॅग थांबेल, आधी मावशीकडून ओजीजी.