ड्यू डेट : आखाजी

दुकानात कॉम्प्युटर आला आणि बिलाचं सॉफ्टवेअर प्रत्येक उधारीला ‘ड्यू डेट’ मागू लागलं. मी विचारलं, “अण्णा, तारीख काय टाकू?”

“आखाजी टाक.”

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. २०२४ ला ती १० मेला होती, २०२५ ला ३० एप्रिलला. सरकणारी तारीख यंत्राला कशी सांगणार? अण्णांच्या लाल वहीचं मात्र कधी अडलं नाही. तिथे नावापुढे दोनच शेरे. दोर, फावडं, फवारणीचा पंप नेला की ‘कापसावर’, म्हणजे पहिल्या वेचणीचा माल काट्यावर चढला की. पाइप, मोटार असलं मोठं काही असेल तर ‘आखाजीवर’.

सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आमची चोपडी-पूजा दिवाळीला होते. पण जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याकडच्या आमच्या कोरडवाहू पट्ट्यात साल फिरतं ते आखाजीलाच. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, जुनं साल त्या दिवशी सुटतं, नवं ठरतं : रोख किती, धान्य किती, आगाऊ उचल किती. सालदाराने काही नेलं तर अण्णा मालकाच्या खात्यावर मांडायचे, मालक ते सालातून कापायचा. लोक याला विश्वासाचा व्यवहार म्हणतात. असेलही. पण उचल फिटली नाही म्हणून त्याच दारात पुन्हा राहिलेले सालदारही मी पाहिलेत.

तिकडे रावेर-यावलकडची तऱ्हा वेगळी. केळीची कापणी वर्षभर कुठे ना कुठे चालूच, भाव रोज निघतो, पैसाही तसाच फिरतो. तिथल्या दुकानदाराला आमची वही दाखवली तर तो हसेल. अर्थात मे महिन्यात वादळाने बाग आडवी झाली की त्याचंही हसू मावळतं.

शेवटी मी सगळ्यांना गेल्या आखाजीची १० मे ही तारीख टाकून मोकळा झालो. ३० एप्रिलला दुकान बंद होतं. लेकी माहेरी आलेल्या, लिंबाला झोके, घरोघरी सांजोऱ्यांचा वास. पारावर पत्त्यांचे डाव. अण्णा पारावरच बसले होते. उधारीवर मोटार नेलेला गिऱ्हाईक त्यांना शोधत तिथे आला. “आखाजीले दिसू सांगेल व्हतं ना दादा,” म्हणत त्याने नोटांची गड्डी काढली.

कॉम्प्युटरच्या हिशेबाने अजून दहा दिवस होते.

मोजता मोजता त्याने पाचशेची एक नोट हळूच खिशात परत सरकवली. अण्णांनी पाहिलं, बोलले काही नाहीत. डाव नुकताच वाटला होता.