वाचवणाऱ्यांना तीन महिन्यांनी फोन करा

३ मे २०२५ च्या पहाटे गोव्यात शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली तेव्हा कोण कोण धावलं हे आपल्याला माहीत आहे, ॲम्ब्युलन्सवाले, पोलीस, फायर ब्रिगेडची पोरं आणि गर्दीतलीच साधी माणसं, हाताला येईल त्याला उचलून बाहेर काढणारी. त्यांचं कौतुक झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर सलाम ठोकून झाले, आठवड्याभरात विषय बदलला. माझा प्रश्न एवढाच आहे की त्याच माणसांना ऑगस्टमध्ये कोणी फोन केला का. झोप लागते का रे तुला, जेवण जातं का, एवढं तरी कोणी विचारलं का.

ऑगस्ट हा महिना मी उगाच नाही धरला. युद्ध, भूकंप, पूर अशा ठिकाणी काम करणाऱ्या यूएनच्या संस्था, रेड क्रॉस आणि मोठ्या एनजीओ यांची मिळून एक समिती आहे, आयएएससी म्हणतात तिला. तिने २००७ साली आपत्तीतल्या मानसिक आरोग्यावर एक मार्गदर्शिका काढली आणि त्यात आपत्तीग्रस्तांबद्दल तर आहेच पण मदत करणाऱ्या स्टाफ आणि व्हॉलंटियर्सचं काय करायचं यावर एक वेगळा भाग आहे. त्यात लिहिलंय की फारच भयंकर प्रसंगातून गेलेल्या कर्मचाऱ्यांशी मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाने एक ते तीन महिन्यांनी संपर्क करायचा. म्हणजे त्याने येऊन सांगायची वाट बघायची नाही, आपण फोन करायचा. आणि इतक्या उशिरा का, तर पहिल्या काही दिवसांत जवळपास प्रत्येकाची झोप उडते, तेच तेच डोळ्यांसमोर येतं, आणि बहुतेकांचं ते हळूहळू आपोआप ओसरतं. ज्यांचं ओसरत नाही ते कोण हे महिना उलटल्यावरच कळतं, आणि नेमकं तोपर्यंत सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात, कोणी कोणाकडे बघत नाही.

मी काही डॉक्टर नाही. डिचोलीला राहते, शाळेत शिकवते. पण माझा धाकटा भाऊ ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर आहे आणि माझी शाळेपासूनची एक मैत्रीण नर्स आहे, ती बांगलादेशात कॉक्स बझारला रोहिंग्यांच्या कॅम्पमध्ये काम करून आलेली. २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांच्या वर माणसं म्यानमारमधून पळून तिथे आली, आणि ही तिथे बाळंतिणी आणि लहान मुलं बघायची. मला वाटायचं की ती तिथल्या गोष्टी सांगेल आणि रडेल. तसं काही झालं नाही. ती म्हणाली, कॅम्पमध्ये मी ठीक होते गं, तिथे सगळ्यांचं तेच चाललेलं आणि काम एवढं की विचार करायला वेळच नाही. त्रास सुरू झाला तो फोंड्याला घरी आल्यावर. चवथ म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आलेली, घरात माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फांद्या टांगतात तिला, काय काय बांधायचं यावर चर्चा, आणि हिला वाटायचं की या लोकांना काहीच कसं कळत नाही, आणि मग असं वाटल्याबद्दल स्वतःचाच राग यायचा कारण त्यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष. भेटायला येणारे विचारायचे पगार डॉलरमध्ये मिळाला का. एकानेही विचारलं नाही की तू तिथे नेमकं काय करायचीस.

तिचं एकटीचं असं झालं असं नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी १९ मदतसंस्थांमधून परदेशात कामाला जाणाऱ्या २१२ जणांचा अभ्यास केला, २०१२ साली तो छापून आला. जाण्याआधी डिप्रेशनची लक्षणं असलेले साधारण १० टक्के, म्हणजे चारचौघांत असतात तेवढेच. परत आल्यावर ते १९.५ टक्के झाले. आणि परत आल्यानंतर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा चिंतेची लक्षणं ११.८ वरून ७.८ टक्क्यांवर आली होती पण डिप्रेशन २० टक्क्यांवर तसंच. हे आकडे वाचल्यावर मला तो तीन महिन्यांचा फोन नीट समजला. वरवरची धडधड कमी होते म्हणून आपण म्हणतो झाला बरा, आणि आतलं तसंच राहतं.

त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट होती जी मला माझ्या भावाकडे बघून आधीच पटलेली, की डिप्रेशनचा संबंध सततच्या, रोज रोजच्या ताणाशीही होता, आणि ज्यांना आपल्या माणसांचा आधार होता त्यांना त्रास कमी. आपण समजतो की यांना रक्त बघून त्रास होतो. होतोच. पण माझा भाऊ ज्या गोष्टी घरी येऊन बोलतो त्या वेगळ्याच असतात. रात्री म्हापशाच्या रस्त्यावर कोणी वाट देत नाही. पोचल्यावर नातेवाईक अंगावर येतात, एवढा वेळ कुठे मेला होतास. स्ट्रेचर धुतो न धुतो तोच पुढचा कॉल. रिलिव्हर आला नाही की शिफ्ट लांबते, मग जेवण म्हणजे गाडीतच भजी-पाव. आणि सगळ्यात जास्त काय लागतं तर पेशंटला हॉस्पिटलच्या दारात सोडलं की पुढे काय झालं ते कळतच नाही. जगला का गेला. एका मुलीला त्याने नेलेलं, बाईकचा ॲक्सिडेंट, आणि कितीतरी दिवस तो पेपरात निधनाच्या जाहिराती बघत होता, कोणाला न सांगता. मला ते वहिनीकडून कळलं. मला वाटतं फक्त हे एवढं जरी कोणी केलं, की हॉस्पिटलमधून एक मेसेज, तुम्ही आणलेला पेशंट आज घरी गेला किंवा नाही वाचला, तरी केवढा फरक पडेल. पेशंटचं नाव न सांगताही हे जमू शकतं.

म्हणून मला मोठ्या घटनेनंतरचे कार्यक्रम बघितले की कसंतरी होतं. सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवायचं, बाहेरून कोणी समुपदेशक आणायचा, प्रत्येकाने काय पाहिलं काय वाटलं ते एकेक करून सांगायचं, चहा, ग्रुप फोटो, झालं मानसिक आरोग्य. चांगल्या मनाने करतात हे मी मान्य करते. आणि याला इतिहासही आहे, जेफ्री मिचेल नावाचा एक अमेरिकन माणूस आधी स्वतः फायर ब्रिगेडमध्ये आणि ॲम्ब्युलन्सवर काम केलेला, त्याने १९८३ साली अशी डीब्रीफिंगची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. पण नंतर जेव्हा नीट तपासून बघितलं तेव्हा एकाच बैठकीत घेतलेल्या अशा डीब्रीफिंगने पुढचा आजार टळतो असं काही दिसलं नाही, काही जणांना तर उलट जास्तच त्रास झालेला दिसला, आणि जागतिक आरोग्य संघटनाही आता सांगते की हे करू नका. विचार केला तर समजतं. काल रात्री ज्याने जळालेलं शरीर उचललं त्याला आज दहा जणांसमोर ते वर्णन करून सांग म्हणणं, त्याला बोलायचं असो वा नसो, यात आधार कुठे आहे.

त्याऐवजी काय, तर याच जागतिक आरोग्य संघटनेने आणि दोन संस्थांनी मिळून २०११ मध्ये काढलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका आहे, तिच्यात शेवटी मदत करणाऱ्यांनी स्वतःला आणि सहकाऱ्यांना कसं सांभाळायचं हे आहे आणि ते इतकं साधं आहे की कोणाला खरं वाटणार नाही. कामाचे तास ठरवा, एकटं सोडू नका, जोडीने काम करा, एकमेकांची चौकशी करा, काम संपल्यावर काय जमलं काय नाही जमलं यावर विश्वासाच्या माणसाशी बोला, आणि पुढच्या कामाला लागण्याआधी विश्रांती घ्या. बोलायचं नसेल तर जबरदस्ती नाही. यातलं बरंचसं ड्युटी लावणाऱ्याच्या हातात आहे, समुपदेशकाच्या नाही. ज्याच्याकडे ड्युटीचा तक्ता आहे त्याला मी सगळ्यात आधी हे वाचायला देईन.

आणि एकमेकांशी बोलण्याचं म्हणाल तर गोव्याला ते बाहेरून शिकायची गरजच नाही. पर्वरीची संगाथ ही संस्था १९९६ पासून काम करते, आणि तिने इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये हे करून दाखवलं की मानसोपचाराची कुठलीही डिग्री नसलेल्या साध्या माणसांना नीट शिकवलं तर ती तीव्र डिप्रेशन असलेल्या पेशंटना सहा ते आठ भेटींमध्ये खरोखर मदत करू शकतात. तसंच जास्त दारू पिणाऱ्या पुरुषांसाठीही केलं, चारएक भेटींचं. २०१७ मध्ये हे दोन्ही अभ्यास लॅन्सेटमध्ये आले आणि जगभरात लोक आता गोव्याचं उदाहरण देतात. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की ते समुपदेशक आपल्या बैठकांचं रेकॉर्डिंग एकमेकांना ऐकवायचे आणि एकमेकांना मार्क द्यायचे, कुठे बरं ऐकलंस, कुठे घाई केलीस. मग असंच फायर स्टेशनमधल्या दोघांना, ॲम्ब्युलन्सवरच्या दोघांना, किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांमधल्या दोघांना का शिकवू नये? बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतले डॉक्टर पाठीशी ठेवायचे, जड केस त्यांच्याकडे, बाकी रोजचं ऐकणं आपल्यातल्याच माणसाने. ज्याने स्वतः कधी बुडालेल्या पोराला सीपीआर दिलाय आणि ते पोर गेलंय, त्याच्यासमोर दुसरा जीवरक्षक जे बोलेल ते माझ्यासमोर नाही बोलणार.

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडेला नाइट क्लब जळाला, २५ माणसं गेली, त्यातली बहुतेक तिथेच राबणारी, खाली तळघरात आणि किचनमध्ये गुदमरलेली. वाट अरुंद, गाड्या लांब थांबवाव्या लागल्या. आत शिरलेल्या जवानांपैकी कितीतरी त्याच वयाचे असणार ज्या वयाची ती पोरं होती. ६ मार्चला त्यांचे तीन महिने होतात, हे मी तेव्हाच कॅलेंडरवर लिहून ठेवलेलं.

आणि ज्यांचं कुठल्याच हजेरीपटावर नाव नाही त्यांचं काय? २३ जुलै २०२१ ला म्हादईचं पाणी सत्तरीत, डिचोलीत घरांत घुसलं, १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर म्हणाले, तेव्हा म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढणारी पोरं वाड्यावरचीच होती. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आग लागली, वरून हेलिकॉप्टर पाणी टाकत होते आणि खाली वनरक्षक झाडाच्या हिरव्या फांद्या घेऊन आग झोडत होते, दिवसेंदिवस. आपदा मित्र म्हणून आता गावोगावी तरुणांना ट्रेनिंग देतात ही फार चांगली गोष्ट आहे, दोर बांधायला, माणूस उचलायला शिकवतात. त्यात अर्धा दिवस याचाही घाला ना, की मृतदेह हाताळल्यावर पुढच्या पंधरा दिवसांत तुला काय काय होऊ शकतं आणि त्यातलं काय नॉर्मल आहे आणि कधी डॉक्टरकडे जायचं. आधी सांगितलेलं असलं की पोरगा घाबरत नाही की मला वेड लागतंय की काय.

घरच्यांसाठी थोडं, कारण हे वाचणाऱ्या बायका जास्त असतील असं मला वाटतं. ड्युटीवरून आल्या आल्या प्रश्न विचारू नका, आधी आंघोळ, जेवण. नंतर गप्प बसला तर बसू द्या, शेजारी बसा. मोबाईलवर त्याच घटनेचे व्हिडिओ परत परत बघत असेल तर कुठेतरी चालायला घेऊन जा. दारूकडे लक्ष ठेवा, आपल्याकडे ड्युटीनंतर दोन पेग मारले तर कोणाला काही वाटत नाही, पण झोपेसाठी म्हणून रोज लागायला लागली तर तो झोपेचाच आजार आहे असं समजून डॉक्टरला सांगा. मुलांवर विनाकारण ओरडणं, आवडीच्या गोष्टी सोडणं, भजनाला जाणारा माणूस जायचा बंद होणं, एकच रस्ता टाळून लांबून जाणं, असं महिनाभर चाललं तर थांबू नका. आणि मेलो असतो तर बरं झालं असतं असं एकदा जरी बोलला तर त्याच दिवशी. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनीही केला तरी चालतो.

आमच्या वाड्यावरच्या मंडळात मी हे सगळं मांडलं. सुरुवातीला थोडं हसले, मग एक जण म्हणाला २०२१ च्या पुरानंतर त्याला वर्षभर पावसाचा आवाज सहन व्हायचा नाही, आणि मग कोणी हसलं नाही. आता एक वही केलीय. मोठं काही झालं की कोण कोण धावलं त्यांची नावं, फोन नंबर, आणि पुढे दोन तारखा, एक महिन्याची आणि तीन महिन्यांची, आणि फोन कोण करणार त्याचं नाव. पहिलं पान भरलंय. तुमच्या गावात करणार असाल तर खाली लिहा, काय विचारायचं त्याचा कागद मी पाठवते.