वेंगुर्ल्याच्या गल्ल्यावर बसून सांगितलेली एसेनची गोष्ट

यंदा मे महिन्यात तीन आठवड्यांची रजा काढून वेंगुर्ल्याला आले आणि त्यातले बरेचसे दिवस काकांच्या दुकानातच गेले. लहानपणी सुट्टीत याच गल्ल्यामागे बसून मी सोलं तोलून द्यायचे. या वेळी मात्र काकांच्या डोक्यात एकच विषय होता. कुडाळच्या बाजूला मोठं मार्ट झालंय. गाड्या लावायला ऐसपैस जागा, आत गार हवा. महिन्याचं सामान भरायला लोक तिकडे जातात आणि मधेच मीठ किंवा काडेपेटी संपली की काकांकडे येतात.

"तू थंय जर्मनीत ऱ्हवतंस," काका म्हणाले, "थंयसर तर सगळी मोठीच दुकानां. मगे ल्हान दुकानदारांचा झाला काय?"

मला याचं नीट उत्तर द्यायचं होतं. कारण सहा वर्षं मी ज्या एसेन शहरात राहते, तिथे मोठ्या दुकानांच्या या स्वस्ताईची, म्हणजे आल्डी नावाच्या स्वस्त किराणा दुकानांच्या साखळीची, सुरुवातच एका बाईच्या किराणा दुकानातून झाली.

१९१३ साली एसेनच्या शोनेबेक भागात आना आल्ब्रेश्त यांनी छोटं दुकान टाकलं. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या दोन मुलांनी, कार्ल आणि थेओ यांनी, ते हातात घेतलं. भांडवल तुटपुंजं, गिऱ्हाइकाच्या हातातही पैसा नाही. म्हणून रोज खपतात तेवढेच जिन्नस ठेवायचे, असं त्यांनी सुरू केलं. पुढे पैसे आल्यावर माल वाढवू असा विचार होता, पण थोड्या मालावरच धंदा जास्त चांगला चालतो हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा तिकडे दुकानदार गिऱ्हाइकाला तीन टक्क्यांपर्यंत सूट देत, तीही चिकटवायची तिकिटं जमवून नंतर मिळायची. या भावांनी ती आधीच किमतीतून वजा करून टाकली. १९६० च्या सुमारास सिगारेटी विकायच्या की नाही यावरून दोघांचं पटेना, तेव्हा धंद्याची वाटणी झाली: उत्तर थेओंकडे, दक्षिण कार्ल यांच्याकडे. आल्ब्रेश्त आणि डिस्काउंट या दोन शब्दांतून आल्डी हे नाव आलं. आजही एसेनमधली दुकानं उत्तरवाल्यांची आणि अगदी शेजारच्या म्युलहाइममधली दक्षिणवाल्यांची. वाटणी झाल्यावरही दोघांची भरभराट झाली हे ऐकून काका बराच वेळ गप्प होते. आमच्याकडे एका माडाच्या वाटणीवरून पिढ्या कोर्टात जातात.

मग मी काकांना फळीवरच्या टूथपेस्ट मोजायला सांगितल्या. लहान-मोठे आकार धरून अकरा निघाल्या. आल्डीच्या दुकानात एकूण जिन्नसच साधारण दीड-दोन हजार. तिथल्या मोठ्या सुपरमार्केटात ते वीस-तीस हजारांवर जातात. स्वस्ताईचं मूळ इथे आहे. एकाच प्रकारची पेस्ट हजारो दुकानांसाठी घेतली की कारखान्याशी भाव ठरवताना हात वर राहतो. बराचसा माल स्वतःच्या छापाचा, त्यामुळे जाहिरातीचा खर्च कमी. खोकी पुढून फाडून तशीच फळीवर ठेवतात, एकेक डबा मांडत बसत नाहीत. बारकोड पाकिटाच्या दोन-तीन बाजूंना, म्हणजे कॅशियरला वस्तू फिरवावी लागत नाही. पहिल्या महिन्यात त्या वेगापुढे मी अगदी गांगरून गेले होते. पिशवी भरेपर्यंत मागच्या माणसाचं सामान माझ्या सामानात यायचं! आणि माल इतक्या झपाट्याने खपतो की पुरवठादाराचं बिल भरायची तारीख येण्याआधी गिऱ्हाइकाचे पैसे गल्ल्यात आलेले असतात.

या गणितापुढे वॉलमार्ट या अमेरिकेच्या बलाढ्य साखळीचंही काही चाललं नाही. १९९७ मध्ये ते जर्मनीत आले आणि २००६ मध्ये दुकानं विकून परत गेले. मधे २००० साली तिथल्या स्पर्धा खात्याने वॉलमार्ट, आल्डी आणि आल्डीसारखीच दुसरी जर्मन साखळी लिडल या तिघांनाही दूध-लोण्यासारख्या वस्तू खरेदीभावाहून कमी दरात विकणं थांबवायला सांगितलं. काकांना हे पटेना. स्वस्त विकलं तर सरकारचं काय जातं? पण मोठा दुकानदार वर्षभर तोटा सोसू शकतो, शेजारचा लहान तीन महिन्यांतच मिटतो, आणि मग भाव कोण ठरवणार? मला हा कायदा मनापासून योग्य वाटतो. स्वस्ताईची दुसरी बाजूही मी तिथे पाहिली आहे. २०२० च्या हिवाळ्यात भाव परवडत नाहीत म्हणून जर्मन शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आडवे घालून गोदामांच्या वाटा अडवल्या होत्या. वाशीच्या बाजारात आंब्याची पेटी पाठवून पट्टीची वाट बघणाऱ्या आपल्या बागायतदाराला ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पण काकांचा प्रश्न लहान दुकानदारांचा होता आणि त्याचं खरं उत्तर आल्डीत नाहीच. ते एडेकामध्ये आहे. १८९८ साली बर्लिनमधल्या किराणा दुकानदारांनी एकत्र येऊन खरेदी संघ काढला. साखर, कॉफी, तांदूळ, मसाले असा वसाहतींतून येणारा माल एकत्र घ्यायचा आणि विकायचा ज्याने त्याने आपापल्या दुकानात. संघाच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं ई, डे, का. त्याचंच पुढे एडेका झालं. आज जर्मनीतला सगळ्यात मोठा किराणा व्यवसाय आल्डीचा किंवा लिडलचा नाही, एडेकाचा आहे, आणि त्यात अजूनही तीन हजारांहून जास्त स्वतंत्र दुकानदार आहेत. माझ्या घराजवळच्या एडेकाच्या पाटीवर मालकाचं आडनाव असतं, मालक स्वतः भाजीपाशी उभे असतात.

"म्हणजे बर्लिनच्या वाण्यांनी सोसायटी काढल्यानी?" काकांनी वही मिटली. मुंबईत असताना ते अपना बाजारात जायचे, पण ती संस्था ग्राहकांची. दुकानदारांनी मिळून खरेदी करावी हे त्यांना नवीन होतं. आत्ता काकांचा तांदूळ, साखर, तेल कोल्हापूरहून येतं. पावसात घाट बंद झाला की गाडी अडकते, आणि चार पोती घेणाऱ्याला होलसेलवाला भाव सोडत नाही. शिरोड्याचे आणि उभादांड्याचे दुकानदारही तोच माल, त्याच पेढीवरून, वेगवेगळ्या टेंपोने आणतात.

उधारीचं मात्र कुठलंच मार्ट काही करू शकणार नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अर्धा किनारा काकांच्या वहीवर जेवतो आणि नारळीपौर्णिमेनंतर हळूहळू फेडतो. तेवढे दोन महिने पैसे अडकवून ठेवण्याची ताकद काकांकडे राहायला हवी, आणि ती खरेदीतल्या बचतीतूनच येणार.

संध्याकाळी काकांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि चतुर्थीला लागणारा माल लिहायला घेतला: रवा, गूळ, साखर, तेल, उकडा तांदूळ. प्रत्येकापुढे तीन रकाने आखले. पहिल्यात आपली पोती लिहिली, दुसरा मोकळा ठेवला आणि चष्मा कपाळावर सरकवून मला म्हणाले, "शिरोड्याच्या भाऊक फोन लाव बघूया. तेका गूळ किती लागता, विचार."