निळूभाऊ कन्नड बोलतात तेव्हा

बेळगावकडे गणपतीत नाहीतर जत्रेत ऑर्केस्ट्रा रंगात आलेला असतो, गायिका पाणी प्यायला आत जाते आणि नकलाकार पुढे येतो. त्याला दहा मिनिटं मिळतात, तीही फट बुजवायला. तरी दुसऱ्या दिवशी गल्लीत गाण्यांचं नाव कुणी काढत नाही. "काय निळू फुले काढला रे!" एवढंच ऐकू येतं.

'काढला' हा शब्द अगदी बरोबर आहे. कुणाचाही आवाज काढायचा तर आधी त्यातलं बरंचसं काढून टाकावं लागतं. निळू फुल्यांचे तीनच ऐवज ठेवायचे: किंचित कललेली मान, घशाच्या तळातून येणारा शब्द आणि वाक्याच्या मध्येच घेतलेला थांबा. त्या थांब्यात पुढच्या शब्दाआधीचा श्वास ऐकू आला पाहिजे. नवशिके नेमकं उलट करतात. वाड्यावर बोलावणारं वाक्य पाठ करतात आणि थांबा गाळतात. मग शब्द निळूभाऊंचे आणि आवाज शाळेत धडा वाचणाऱ्या पोराचा. आवाज हाती आला की नाही हे बघायचं तर त्यात बाजाराची यादी वाचावी. "अर्धा किलो कांदे... पावशेर मिरची" एवढ्यावर समोरचा हसला तर आवाज आला. नाहीतर नुसता संवाद आलेला असतो.

निम्मं काम माइक करतो. स्टेजवरचा साधा माइक ओठांपासून दोन बोटांवर धरला की आवाजाला खर्ज चढतो. म्हणून अमिताभ करताना माइकला जवळजवळ चिकटून आणि हळू बोलायचं. ओरडलं की खर्ज जातो, वर स्पीकर फाटतो. नाना पाटेकर करताना भडका उडायच्या आधी माइक वीतभर लांब न्यायचा, नंतर नेऊन उपयोग नाही. आणि साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवायचं, एको बंद कर. गाण्यासाठी लावलेला एको तसाच राहिला तर निळूभाऊंच्या थांब्यात त्यांचाच मागचा शब्द घुमत बसतो. त्याला थांबा कसं म्हणायचं?

आवाजांचा क्रमही बघावा लागतो. घसा खरवडणारे आवाज शेवटी घ्यायचे. सुरुवातीलाच ते काढले तर पुढचा राजकुमार घोगरा निघतो. राजकुमार म्हणजे कन्नड सिनेमातले डॉ. राजकुमार, छाती भरून आलेला, अक्षर न् अक्षर सुटं असा आवाज. ते चाहत्यांना देव म्हणायचे. हात जोडून "अभिमानी देवरुगळे" एवढं म्हटलं की मांडवातली निम्मी माणसं सरसावून बसतात. एका आवाजाला तीस-चाळीस सेकंद पुष्कळ झाली. मिनिटाच्या पुढे गेलं की लोक नक्कल सोडून नकलाकाराकडे बघायला लागतात.

माणूस ओळखीचा नसेल तर नक्कल कितीही हुबेहूब असो, फुकट जाते. जॉनी लिव्हरनं कारखान्यातल्या साहेबांच्या नकला केल्या आणि कामगारांनी त्याला कंपनीचंच नाव चिकटवलं, कारण ते साहेब सगळ्या कारखान्याला ठाऊक होते. बेळगावात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, म्हणून ओळखीच्या माणसांचा साठा दुप्पट आहे. एकाच रांगेत दादा कोंडके आणि राजकुमार दोघांवर वाढलेली माणसं बसलेली असतात. पुण्याहून आलेला नकलाकार पुण्याची माणसं घेऊन येतो, बेंगळुरूचा बेंगळुरूची. दोघांनाही टाळ्या मिळतात, पण पाहुण्याला मिळाव्यात तेवढ्याच.

खानापूर-निपाणीकडचा पोरगा मात्र निळूभाऊंना कुंद्याच्या, म्हणजे बेळगावी मिठाईच्या, दुकानात उभं करतो. दुकानदार विचारतो, "एष्टु बेकु री?" म्हणजे किती पाहिजे? निळूभाऊ मान कलवतात. थांबतात. श्वास ऐकू येतो. "अर्धा किलो... हौद्री." म्हणजे होय जी. मांडव डोक्यावर! यात ना मराठीची थट्टा आहे ना कन्नडची. मांडवातली माणसं घरी असंच बोलतात, फक्त वाड्यावरच्या पाटलाला तसं बोलताना कुणी ऐकलेलं नसतं. यात सगळा भार त्या इकडच्या कन्नडातल्या आदराच्या 'री'वर आहे. म्हैसूरकडच्या पुस्तकी कन्नडात हेच वाक्य टाकलं तर कुणी हलत नाही. उलटही चालतं. राजकुमारांच्या त्या शुद्ध, घडीव आवाजात "काय करालाईस, जेवलास की न्हाई?" हे बेळगावी मराठी तर मला त्याहून सरस वाटतं.

पुढाऱ्यांची नक्कल जपून. एका गल्लीत शिट्ट्या मिळवणारा आवाज दुसऱ्या गल्लीत अंगाशी येतो. कमानीवरचं बॅनर आधी वाचून घ्यावं.

"आता मी सादर करतोय..." अशी सुरुवात करणाऱ्यांचं मात्र काही कळत नाही. सगळी मजा ओळख पटायच्या त्या अर्ध्या सेकंदात असते. पाठ फिरवावी, कॉलर सारखी करावी, वळावं आणि पहिला शब्द टाकावा. नाव प्रेक्षकांतून आलं पाहिजे, शक्यतो मागच्या रांगेतल्या एखाद्या मावशींकडून.

राजकुमार 2006 साली गेले, निळू फुले 2009 साली. आज मांडवात पुढे सतरंजीवर बसलेली पोरं त्यानंतर जन्मली. तरी निळू फुले सगळ्यांना येतो, कारण ती पोरं तो आवाज नकलाकारांकडून शिकलेली आहेत. नकलेची नक्कल होत होत मान खांद्याला टेकली आहे आणि थांब्यात चहा पिऊन यावं इतका वेळ जातो. मग एखाद्या दुपारी टीव्हीवर जुना सिनेमा लागतो, खरे निळू फुले दोन वाक्यं बोलतात, आणि त्यातलंच एखादं पोरगं म्हणतं, "ह्यास्नी नीट जमत न्हाई."