पाऊस चांगला, वजन कमी

खोड्याचं लोखंडी दार आदळलं आणि आतल्या बायसन मादीने शिंगाचा असा दणका दिला की माझ्या हातातली पाटी थरथरली. माझ्याकडे नोंदणीचं काम होतं. काट्यावरचा माणूस बिल्ल्याचा क्रमांक आणि वजन ओरडून सांगणार, मी तेच ओरडून परत म्हणणार, मग लिहिणार. एवढ्या गोंगाटात दुसरा इलाजच नसतो.

कोन्झा प्रेअरीवर बायसनची, म्हणजे अमेरिकेतल्या रानगव्यांची, ही धरपकड वर्षातून एकदा होते, हिवाळ्याच्या तोंडावर. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात फ्लिंट हिल्सच्या टेकड्यांत, मॅनहॅटन गावाजवळ (न्यूयॉर्कचं ते वेगळं) सुमारे ३,४८७ हेक्टरचं हे माळरान आहे. माती पातळ, खाली चुनखडी आणि चकमकीचे दगड. नांगर चालला नाही म्हणून वाचलं. उत्तर अमेरिकेतल्या उंच गवताच्या प्रेअरीपैकी चार टक्केही आता शिल्लक नाही, बहुतेक सगळी शेतीखाली गेली. इथे १९८० पासून दीर्घकालीन संशोधन चालू आहे. कुठल्या पाणलोटात दरवर्षी आग लावतात, कुठे दोन, चार, तर कुठे वीस वर्षांनी. १९८७ साली त्यातल्या काही भागात बायसन सोडले. त्यांना हिवाळ्यातसुद्धा वैरण टाकत नाहीत. त्या दिवशी पेंडीच्या गोळ्या दाखवून आत आणलं, तेवढाच काय तो पाहुणचार. म्हणजे काट्यावर दिसतं ते गवताचंच कर्तृत्व.

मादी तशीच उभी होती. तोंडाला फेस, खांद्यावरच्या दाट केसांत गवताची कुसं अडकलेली, डोळ्याचं पांढरं बुबुळाभोवती दिसत होतं. वजन पुकारलं गेलं. मी मागच्या वर्षीचं पान उघडलं तर २२ किलो कमी. पुढची मादीही कमी, त्यापुढचीही.

आणि या धरपकडीच्या वर्षी जून-जुलैत पाऊस धो धो झालेला! बिग ब्लूस्टेम माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं. ज्वारी-उसाच्याच गणगोतातलं हे गवत, फुलोरा तीन बोटांचा. त्यातून वाट काढताना पुढचा माणूस दिसायचा नाही. असा चारा असताना जनावर उतरतं कसं? काहींना काट्याचीच शंका आली. ठरलेली वजनं ठेवून पाहिली, काटा चोख होता.

उत्तर आमच्या जुन्या नोंदींतच होतं. इथली अनेक वर्षांची वजनं आणि पाऊस समोरासमोर मांडून पूर्वीच निष्कर्ष काढलेला आहे: उन्हाळ्याच्या (इथला उन्हाळा जून ते ऑगस्ट) मध्यावर जास्त पाऊस पडला तर बायसनची वाढ कमी होते, उन्हाळा सरताना पडला तर जास्त होते. मधल्या पावसाने गवत दांडे काढतं, फुलोऱ्यावर येतं. ढीग वाढतो, पण त्यातलं नायट्रोजनचं प्रमाण, म्हणजे प्रथिनं, घटतं. उशिराच्या पावसात कोवळं पान मिळतं. एकाच वर्षाचा आकडा हाती असता तर आम्ही त्या दिवशी रोग शोधत बसलो असतो. ‘तीच जनावरं दरवर्षी कशाला मोजता?’ असं विचारणाऱ्या पाहुण्यांना मी हल्ली फार वेळ समजावत बसत नाही.

दुपारी वासरं आली. कानात बिल्ला, एक इंजेक्शन, वजन, की दार उघडायचं. वासरू उधळत आईकडे. हे काम भराभर उरकतं, फक्त बोटं सांभाळायची.

रात्री आबांना फोनवर सगळं सांगितलं. आमच्याकडे म्हशी आहेत, त्यामुळे जनावरांचा विषय निघाला की ते फोन लवकर ठेवत नाहीत.

“अगं, काडी खाऊन जनावर काय भरणार?” ते म्हणाले. “ऑगस्ट-सप्टेंबरात पडला का तुमच्याकडे?”

“नाही ना. जवळपास कोरडाच गेला.”

“मग झालं तर.”

मी म्हटलं, आबा, हे सिद्ध करायला इथे कितीतरी वर्षं वजनं घ्यावी लागली. त्यावर ते हसले, आणि कळप आटोक्यात ठेवायला आम्ही दरवर्षी काही जनावरं विकतो हे ऐकल्यापासून मनात असलेला प्रश्न त्यांनी विचारला: “ते राहू दे. एक नग जातो कितीला?”