दोन डबे संत्रा बर्फी

मिशन म्हटलं की आम्हा नागपूरच्या ख्रिस्ती लोकांना १८४५ साली इथे आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आठवतात. मिशन बाहेरून आपल्याकडे येतं, एवढंच डोक्यात. त्यामुळे चर्चतर्फे सेवेसाठी केनियाला जाणाऱ्या सहा जणांत आमच्या पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं, तेव्हा मी आधी रजा मोजल्या, मग बँकेतली शिल्लक. बेसाच्या फ्लॅटचा हप्ता चालू होता. तेव्हा मी सगळंच मोजायचो. दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा कमाईचा दहावा भाग, हातात येणाऱ्या पगारावर काढायचा की पूर्ण पगारावर, यावरूनसुद्धा घरी वाद व्हायचा.

कागदपत्रांचा त्रास झाला नाही. २०२४ पासून केनियाला व्हिसा लागत नाही, ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. पीतज्वराची लस मात्र निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परतल्यावर विलगीकरणात राहावं लागतं.

मे महिन्यात ४५ अंशांतून निघालो आणि नैरोबीत स्वेटर घातला. तिथून पश्चिमेला काकामेगाकडे, एका खेड्यात. काम होतं शाळेच्या पत्र्यांना पन्हळी लावून पावसाचं पाणी टाकीत उतरवायचं.

ज्यांच्या घरी उतरलो त्यांना सगळे ‘मामा’ म्हणत. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. रोज मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली आणि ‘सुकुमा विकी’ नावाची पालेभाजी. या नावाचा अर्थच ‘आठवडा ढकल’! पैसे संपत आले की हिच्यावर आठवडा निघतो. पाहुणे म्हणून आमच्यासाठी पहिल्या रात्री कोंबडी कापली. अंगणात तीनच होत्या, हे मला सकाळी दिसलं.

मी त्यांना संत्रा बर्फीचे दोन डबे दिले. त्यांनी सुरी मागवली, एकेका वडीचे चार तुकडे केले आणि शेजारपाजारच्या पोरांना हाका मारल्या. दोन्ही डबे तिथेच रिकामे झाले. स्वतः त्यांनी बोटाला लागलेलं तेवढं चाटलं. मला वाईट वाटलं, मी ते त्यांच्यासाठी आणले होते. त्या मात्र इतक्या खुशीत होत्या!

रविवारी चर्चमधल्या अर्पणात त्यांनी तीन अंडी ठेवली. तिकडे असं आलेलं दान उपासनेनंतर लिलावात विकतात. अंडी एका म्हाताऱ्याने घेतली आणि मामांच्याच नातवाच्या हातात दिली.

गरिबीत सुख असतं, असं मी म्हणणार नाही. पाणी लांबून आणावं लागे, ती टाकी मामांना फार हवी होती. पहिल्या पावसाचं पाणी पन्हळीतून पडलं तेव्हा त्या रडल्या. हवं असणं आणि तरी हात उघडा असणं एकत्र राहू शकतं, हे मी चाळिशीत पाहिलं. बायबलमध्ये प्रेषित पौलाने कैदेतून फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं की संतुष्ट राहायला मी शिकलो आहे. त्यातलं ‘शिकलो’ मी इतकी वर्षं नुसतं ऐकलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मामांनी माझ्या घराबद्दल विचारलं. चार खोल्या, आम्ही तिघं, असं सांगितलं. त्यांनी दुभाष्याला पुन्हा विचारायला लावलं. मग म्हणाल्या, “मग जेवायला कोण येतं?”

मी गप्प बसलो.

परतल्यावरच्या पहिल्या रविवारी वरच्या मजल्यावरच्या आजोबांना जेवायला बोलावलं. तीन वर्षं एकाच लिफ्टने येत-जात होतो आणि त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. ते दोन आंबे घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळून.