घरात कोण राहिले, हे कागदावर आणताना

ठाण्याच्या चरई भागातील आमच्या आजोळच्या घराचा समावेश वारसा यादीत व्हावा, यासाठी महानगरपालिकेला द्यायची टिपणी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मामांनी एकच मुद्दा पुढे केला होता: टिळक या घरात एक रात्र मुक्कामाला होते, तेवढे ठळक लिही म्हणजे झाले. वारसामूल्य ठरवताना वास्तुरचना, बांधकामाचा काळ, सामाजिक व आर्थिक इतिहासाशी असलेले नाते आणि प्रसिद्ध व्यक्तींशी किंवा घटनांशी असलेला संबंध असे अनेक निकष लावले जातात, आणि मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली तेव्हापासून ते आपल्याकडे रूढ आहेत. परंतु घरमालकाची नजर नेमकी शेवटच्या निकषावर खिळते, असे माझे निरीक्षण आहे.

टिळकांच्या मुक्कामाला घरातील एकाही कागदाचा, पत्राचा किंवा वर्तमानपत्रातील बातमीचा आधार मिळाला नाही. म्हणून ती गोष्ट मी ‘कौटुंबिक ऐकीव माहिती’ अशा वेगळ्या शीर्षकाखाली ठेवली. मामा त्यावर बरेच नाराज झाले. पण एक विधान निराधार ठरले की तपासणाऱ्याचा उरलेल्या टिपणीवरचाही विश्वास उडतो, हे त्यांना हळूहळू पटले.

सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर धारकांची नावे सापडतात, पण घरात प्रत्यक्ष कोण राहत होते ते तिच्यावरून कळत नाही. ते कळले घरपट्टीच्या जुन्या पावत्यांवरून, भाड्याच्या वहीवरून आणि माळ्यावरच्या ट्रंकेतील पाकिटांवरच्या पत्त्यांवरून. दोन मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्यावे लागले. त्यांतील एक खरेदीखत निघाले आणि दुसरे केवळ भांड्यांची यादी. या सर्वांतून समोर आलेले रहिवासी म्हणजे जिल्हा न्यायालयातील एक वकील, जीआयपी रेल्वेतील एक कारकून आणि मागच्या पडवीत शिवणकामाचा वर्ग चालवणाऱ्या एक विधवा बाई. यांतील कोणाचेही नाव इतिहासाच्या पुस्तकात नाही; तरीही ठाणे शहर कसे घडले हे सांगायला मला हीच माणसे अधिक उपयोगी वाटतात. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असल्यामुळे येथे कचेऱ्या व न्यायालये होती, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावल्यानंतर येथे बिऱ्हाड करून मुंबईत नोकरी करणे हळूहळू शक्य झाले.

या माणसांच्या खुणा घराच्या बांधणीतही उरल्या आहेत. ओटीला दोन दारे आहेत, एक माजघराकडे नेणारे आणि दुसरे थेट रस्त्यावर उघडणारे. अशिलांची ये-जा घरच्या बायकांच्या वावरात येऊ नये म्हणून हे दुसरे दार वकिलांनी नव्याने बसवून घेतले, असे भाड्याच्या वहीतील एका नोंदीवरून दिसते. वरच्या मजल्यासाठी बाहेरून लावलेला लाकडी जिना नंतरचा आहे, कारण तो बसवताना एका तुळईचे टोक कापलेले स्पष्ट दिसते.

छपराने मात्र मला बराच वेळ गुंतवून ठेवले. उतरवलेल्या एका मंगलोरी कौलावर बासेल मिशनचा, म्हणजे मंगळूरला कौलांचा कारखाना काढणाऱ्या ख्रिस्ती मिशनचा, ठसा आणि १८६५ हा आकडा होता, आणि सगळ्यांनी लगेच घराचे वय ठरवून टाकले. परंतु १८६५ हे त्या कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष आहे. कौल त्यानंतर केव्हाही भाजलेले असू शकते. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्यामुळे मिशनच्या ठशाचे कौल साधारण त्याआधीचे मानता येते. तेही कौलाचे वय झाले, घराचे नव्हे, कारण कौले एका छपरावरून दुसऱ्या छपरावर सर्रास जातात. टिपणीत मी तेवढेच लिहिले.

१९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडी गोठली, त्यामुळे दुरुस्तीला पैसा उरला नाही. पण भाडेकरू राहिल्यामुळे घर पाडताही आले नाही. आज ते उभे आहे ते काहीसे या अडचणीमुळेच.

खरी ओढाताण झाली ती भावंडांमध्ये. यादीत नाव गेले की खिळासुद्धा ठोकता येणार नाही, ही भीती प्रत्येकाच्या मनात होती. प्रत्यक्षात वारसा यादीतील तीन श्रेणींपैकी शेवटच्या, म्हणजे श्रेणी तीनच्या वास्तूंमध्ये परवानगी घेऊन आतील बदल आणि नवा वापर सामान्यतः करता येतो, तसेच बांधकामाचा हक्क वापरता आला नाही तर हस्तांतरणीय विकासहक्काची (टीडीआर), म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागी वापरण्याची किंवा विकण्याची, तरतूद आहे. हे मी सोप्या भाषेत लिहून प्रत्येकाला दिले आणि श्रेणी तीनच मागायची, असे सर्वानुमते ठरवले. धाकट्या मावशीने सही करताना एक अट घातली, की शिवणवर्गाच्या बाईंचा परिच्छेद वकिलांच्या आधी यावा. तो तसाच ठेवून प्रस्ताव दाखल केला आहे, आणि आता स्थळपाहणीची तारीख यायची आहे.